जवळचे नाव, लांबचे नाव



आपल्या बीड जिल्ह्यात ‘आष्टीला जातो’ म्हटले, की सर्वांना आपलीच आष्टी समजते. वर्धा जिल्ह्यातही आष्टी तालुका आहे, पण तो मनात येत नाही. जवळच्या नावाने लांबचे नाव झाकले जाते. शिरूर पुणे जिल्ह्यातही आहे, म्हणून आपण ‘शिरूर कासार’ असे पूर्ण नाव सांगतो.

संगणकाच्या चिपचा आराखडा लिहितानाही हाच प्रश्न पडतो. त्यासाठी व्हेरिलॉग, व्हीएचडीएल अशा भाषा आहेत. व्हीएचडीएल १९८७ साली प्रमाणित झाली. हा मजकूर वाचून अर्थ लावणारा प्रोग्राम म्हणजे पार्सर. मोठ्या भागाच्या पोटात लहान भाग असतो आणि दोहोंत ‘बेरीज’ हे एकच नाव असू शकते. पार्सर प्रत्येक भागाची वेगळी नोंदवही ठेवतो. आधी आतली चाळतो, तिथे नाव सापडले की बाहेरची उघडत नाही. नियमाने हे बरोबरच. पण लिहिणाऱ्याला बाहेरची ‘बेरीज’ हवी असेल, तर चूक मुकाट्याने पुढे जाऊ शकते. आणि तयार चिप खोडरबराने दुरुस्त होत नाही. म्हणून दोन्ही नावांच्या ओळी दाखवून वेळीच इशारा देणारा पार्सर चांगला.

माझ्या वर्गात एकाच नावाचे दोन विद्यार्थी होते. एकाची गैरहजेरी मी दुसऱ्याच्या नावावर मांडली. निरपराध पोराने घरी बोलणी खाल्ली. चूक माझ्या नोंदीची होती.

पालकहो, फॉर्मवर मुलाचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव पूर्ण लिहा. विद्यार्थ्यांनो, हीच शिस्त वहीत बाळगा. उद्या तुमच्यापैकी कोणी चिपचा आराखडा लिहील, तेव्हा ती कामी येईल.