माल्टा : समुद्रानें आणलेल्या पाहुण्यांचें बेट

(महोत्सवानिमित्त धर्मग्रामाच्या सभागृहांत झालेलें भाषण)



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगीं आपल्या धर्मग्रामाचा इतिहास सांगणारे वक्ते आपण ऐकिलेच आहेत. आमच्या वांट्यास मात्र दूरच्या एका बेटाची हकीकत सांगण्याचें काम आलें आहे. आम्हां कांहीं यात्रेकरूंना भूमध्य समुद्रांतील माल्टा हें बेट पाहण्याचा योग आला, म्हणून त्याविषयीं चार शब्द बोलावे अशी चालकमंडळींची आज्ञा झाली. युरोपांतील लोक आज माल्टास ऊन खाण्यास, पोहण्यास व मौज करण्यास जातात, आणि विश्रांतीचें ठिकाण म्हणून त्याची कीर्ति खोटी नाहीं. तथापि त्या बेटाची खरी ओळख निराळी आहे असें आम्हांस वाटलें. समुद्रांतून जो जो आला त्याला तोंड देत, नाहीं तर त्याला आसरा देत, या चिमुकल्या भूमीनें आपलें आयुष्य काढिलें आहे. आणि आलेल्याचें स्वागत कसें करावें हा प्रश्न तिच्यापुढें अजून उभा आहे. हाच धागा धरून आम्ही बोलणार आहों.

प्रथम बेटाची ठेवण. सिसिलीच्या दक्षिणेस सुमारें ९० किलोमीटरांवर माल्टा, गोझो व कोमिनो हीं बेटें आहेत. सर्व मिळून क्षेत्रफळ अवघें ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या जेमतेम अर्ध्याइतकें. आणि २०२१ सालच्या शिरगणतींत लोकसंख्या पांच लाखांवर गेलेली. नदी नाहीं, सरोवर नाहीं, डोंगर म्हणावा असा डोंगर नाहीं. पाऊस पडतो तो हिंवाळ्यांत, आणि उन्हाळा अगदीं कोरडा. जमिनीनें या लोकांना एकच संपत्ति दिली, ती म्हणजे मधासारख्या रंगाचा मऊ चुनखडीचा दगड. घरें, तट, शेतांचे बांध, चर्चें, सारें त्याच दगडाचें. सायंकाळीं सूर्य खालीं उतरला म्हणजे सबंध शहर आंतून उजळल्यासारखें दिसतें.

येथील इतिहासाचा आरंभ फार मागें जातो. गोझोवरील जगांतिया येथील दगडी मंदिरें इ. स. पूर्वीं ३६०० च्या सुमारास उभीं राहिलीं. मिसर देशांतील पिरॅमिडांहून तीं जुनीं आहेत. धातूचें हत्यार हातीं नसतां त्या लोकांनीं एवढाले पाषाण उभे केले, कीं मागाहून आलेल्यांस तें राक्षसांचें काम वाटलें, आणि त्यावरूनच स्थळास नांव पडलें. माल्टावर हाल साफ्लिएनी येथें १९०२ सालीं घरें बांधणाऱ्या मजुरांस खडकांत कोरलेलें तीन मजली भुयार सांपडलें. सुमारें ७,००० माणसांच्या अस्थि त्यांत होत्या. आंतील हवा बिघडून भिंतींवरील तांबडी नक्षी नष्ट होऊं नये म्हणून आज तेथें दररोज मोजक्याच लोकांस सोडतात. ज्यांस जावयाचें असेल त्यांनीं पुष्कळ आधीं नांव नोंदवावें, एवढी सूचना येथें करून ठेवितों.

आपणां ख्रिस्ती लोकांस माल्टाचें नांव परिचित आहे तें प्रेषितांच्या कृत्यांच्या अठ्ठाविसाव्या अध्यायामुळें. इ. स. ६० च्या सुमारास संत पौल कैदी म्हणून रोमला जात असतां वादळांत जहाज फुटलें, आणि २७६ माणसें पोहत किंवा फळ्यांवरून तरंगत या किनाऱ्यास लागलीं. बेटावरील लोकांस ग्रीक येत नव्हतें, आलेले कोण कोठले हें त्यांस ठाऊक नव्हतें. पाऊस आणि थंडी पाहून त्यांनीं आधीं शेकोटी पेटविली, विचारपूस मागाहून. त्यांच्या या असामान्य माणुसकीची नोंद लूकनें मुद्दाम केली आहे. पौलानें तेथें तीन महिने काढिले आणि बेटाचा मुख्य पुब्लियुस याच्या आजारी पित्यास बरें केलें. दरसाल १० फेब्रुवारीस माल्टांत या जहाजफुटीचा सण होतो. आम्हांस यांत मोठा अर्थ वाटतो. दुसरीं राष्ट्रें विजयाचा दिवस पाळतात. परंतु परके लोक भिजून कुडकुडत आपल्या दारीं आले, तो दिवस या लोकांनीं राष्ट्राचा सण मानिला आहे.

पुढें आलेले सर्वच पाहुणे दीन नव्हते. इ. स. ८७० मध्यें अरब आले, १०९१ मध्यें सिसिलीचे नॉर्मन आले. अरबांची सत्ता गेली, पण भाषा राहिली. माल्टी भाषा मूळची अरबी कुळांतली, शब्दसंग्रह बराचसा सिसिलीचा व इटलीचा, आणि लिपि रोमन. या कॅथॉलिक देशांत परमेश्वरास ‘अल्ला’ म्हणतात आणि ईस्टरपूर्व उपवासकाळास ‘रंदान’ म्हणतात! मिस्सेच्या वेळीं तो शब्द प्रथम कानीं पडला तेव्हां आम्ही चकित झालों. पण आपल्या ‘मिस्सा’ आणि ‘पाद्री’ या शब्दांत पोर्तुगीजांचा माग राहिला आहे, तसाच हा प्रकार आहे. प्रार्थनेची भाषा माणसाच्या साऱ्या प्रवासाची आठवण ठेविते.

१५३० सालीं सम्राट पांचव्या चार्ल्सनें हीं बेटें संत योहानाच्या वीरसंघास दिलीं. वार्षिक खंडणी काय, तर एक बहिरी ससाणा. या संघाचें मूळ ब्रीद रुग्णसेवा. व्हॅलेटा शहरांत त्यांनीं बांधलेल्या रुग्णालयाची मुख्य शाळा सुमारें १५५ मीटर लांब असून तेथें रोग्यांस चांदीच्या ताटांतून अन्न देत असत. परंतु सत्य सांगावयाचें तर याच वीरांचीं गलबतें समुद्रांत लूटमार करीत आणि पकडलेल्या मुसलमानांस गुलाम करीत. आणि १५५१ सालीं चांचे लोकांनीं गोझोवरील बहुतेक सारी वस्ती गुलाम म्हणून धरून नेली होती. दोन्ही किनाऱ्यांवर अश्रु सारखेच गळले. १५६५ चा प्रसिद्ध वेढा या वैराचेंच फळ. मे महिन्यांत तुर्की आरमार आलें. २३ जून रोजीं संत एल्मोचा किल्ला पडला. तरी वीरसंघाचे प्रमुख ला व्हॅलेट आणि त्यांच्यासह लढणारे बेटाचे रहिवासी हटले नाहींत. सप्टेंबरांत सिसिलीहून कुमक पोहोंचली आणि वेढा उठला. ८ सप्टेंबर हा त्या सुटकेचा दिवस मानितात. तोच पवित्र मरियेचा जन्मदिन; ज्या सणासाठीं आपल्याकडे वांद्र्याच्या मोत माउलीची जत्रा भरते, तोच.

दुसऱ्याच वर्षीं, २८ मार्च १५६६ रोजीं, व्हॅलेटा शहराचा पाया घातला गेला. तेथील संत योहानाच्या महामंदिराचें बाह्यांग एखाद्या कोठारासारखें साधें; आंत पाऊल टाकावें तों डोळे दिपतात. सबंध जमीन वीरांच्या रंगीत संगमरवरी थडग्यांनीं मढविलेली आहे. शेजारच्या दालनांत काराव्हाज्जो या चित्रकाराचें ‘संत योहानाचा शिरच्छेद’ हें १६०८ चें भव्य चित्र आहे. चित्रकारानें स्वतःची सही केलेलें त्याचें हें एकच चित्र, आणि ती सही आहे हुतात्म्याच्या रक्तांत. त्या चित्रासमोर आमच्यांतील बोलके लोकही गप्प उभे राहिले.

१७९८ च्या जून महिन्यांत मिसरकडे जातां जातां नेपोलियननें बेट घेतलें. रुग्णालयाची चांदी गेली, चर्चांचीं मौल्यवान भांडीं गेलीं. लोकांनीं तीन महिने सोसलें. २ सप्टेंबर रोजीं एम्दिना येथील एका चर्चांतील वस्तूंचा लिलाव होणार असें कळतांच गांवकरी उठले, आणि फ्रेंच शिबंदी दोन वर्षें तटांच्या आंत कोंडली गेली. मग इंग्रज आले, आणि त्यांची सत्ता १९६४ पर्यंत राहिली. सुएझचा कालवा झाल्यावर मुंबईहून विलायतेस जाणाऱ्या आगबोटी माल्टास लागूं लागल्या. १८७८ सालीं रशियाशीं युद्ध होईल या भयानें सुमारें ७,००० हिंदी शिपाई येथें आणून उतरविले होते, आणि त्यांत मुंबई इलाख्याच्याही पलटणी होत्या. म्हणजे आपल्या मातींतील माणसेंही या बेटाचे पाहुणे होऊन गेलीं आहेत.

दुसऱ्या महायुद्धांत माल्टावर जो बाँबवर्षाव झाला त्यासारखा फार थोड्या भूमींनीं सोसला असेल. लोक खडकांतील भुयारांत राहूं लागले आणि धान्य संपत आलें. ९ एप्रिल १९४२ रोजीं मोस्टा गांवच्या चर्चांत सुमारें ३०० माणसें प्रार्थनेस जमलीं असतां घुमट फोडून एक बाँब आंत पडला, फरशीवरून गडगडत गेला, आणि फुटला नाहीं! त्याचा नमुना आजही तेथें ठेविलेला आहे. पुढें ऑगस्टांत १४ मालवाहू जहाजांचा तांडा निघाला. त्यांतलीं पांच पोहोंचलीं. शेवटचें तेलवाहू ‘ओहायो’ मोडक्या स्थितींत, दोन्ही बाजूंनीं युद्धनौकांचा आधार घेऊन, १५ ऑगस्टला, मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या दिवशीं बंदरांत शिरलें. माल्टी लोक त्या तांड्यास अद्यापि ‘सांता मरिया’ म्हणतात.

याच मोस्टाच्या चर्चाविषयीं एक गोष्ट आपणांस विशेष आवडेल. १८३३ सालीं काम सुरू झालें, आणि सुमारें ३७ मीटर रुंदीचा तो घुमट धर्मग्रामांतील लोकांनीं फावल्या वेळीं स्वतः राबून उभारिला. मिस्सा बंद पडूं नये म्हणून जुनें चर्च आंत तसेंच ठेवून नवें त्याच्या भोंवतीं चढविलें. घुमट पुरा झाल्यावरच जुनें उतरविलें. माल्टांत धर्मग्राम म्हणजेच गांव असें शतकानुशतकें चालत आलें. गांवोगांवच्या निवडलेल्या स्थानिक परिषदा निघाल्या त्या १९९३ सालीं. गांवच्या संताचा सण आला कीं रस्ते रेशमी पडद्यांनीं सजतात, घरोघर दिवे लागतात, बँड वाजतो, मूर्ति खांद्यांवर निघते, आणि शोभेची दारू रात्रभर उडते. एकाच गांवांत दोन बँडमंडळें असल्यास त्यांची चुरस काय वर्णावी! आपल्याकडील सण पाहिलेल्यास तेथें परकें वाटणार नाहीं. २०२३ सालीं युनेस्कोनें हा ग्रामोत्सव मानवजातीच्या अमूर्त वारशांत नोंदिला.

असो. आतां आजचे पाहुणे. २०२४ सालीं माल्टास ३५ लाखांहून अधिक प्रवासी गेले, म्हणजे दर रहिवाशामागें सहा-सात पाहुणे. त्यांनीं पैसा आणिला, पोरांना काम दिलें. त्याविषयीं तेथें कोणीही कृतघ्न नाहीं. परंतु पिण्याचें निम्म्याहून अधिक पाणी समुद्राचें खारेंपण काढून करावें लागतें. घरभाडीं वाढलीं आहेत. कोमिनोच्या निळ्या खाडींत एवढी गर्दी लोटूं लागली, कीं २०२५ पासून तेथें आगाऊ नोंदणी ठेवावी लागली. गोझोवरील समुद्रांतली प्रसिद्ध दगडी कमान ८ मार्च २०१७ च्या वादळांत कोसळली. ती पाहून घेऊं म्हणणारांचें राहून गेलें. चर्चें उभीं आहेत, पण रविवारीं मिस्सेस येणारांचें प्रमाण २०१७ च्या गणतींत चाळीस टक्क्यांच्या आंत आलें होतें.

आणखी एका प्रकारचे पाहुणे येतात. लिबियाच्या किनाऱ्यावरून मोडक्या नावांतून निघालेलीं माणसें या समुद्रांत बुडतात किंवा येथें लागतात, आणि त्यांस घ्यावें कीं नाहीं यावर बेटांत तीव्र मतभेद आहेत. एप्रिल २०२२ मध्यें दिवंगत पोप फ्रान्सिस माल्टास गेले, तेव्हां संत पौलाच्या गुहेंत प्रार्थना करून ते अशाच निर्वासितांस भेटले. शिवाय भारतांतून गेलेले कितीतरी तरुण आज तेथें वाहनें हांकतात, घरोघर अन्न पोहोंचवितात, रोग्यांची शुश्रूषा करितात. व्हॅलेटाच्या एका चढणीवर असाच एक तरुण हिंदींतून आमच्याशीं बोलला. ‘येथले लोक कसे आहेत?’ असें आम्हीं विचारिलें. तो क्षणभर थांबून म्हणाला, ‘जे ओळखतात ते चांगले आहेत.’

बंधुभगिनींनो, ते शब्द आम्ही विसरूं शकलों नाहीं. ज्या लोकांनीं ओळख न विचारतां शेकोटी पेटविली, त्यांच्याच बेटावर हें उत्तर मिळालें. पण त्यांस दोष देण्याचा आम्हांस अधिकार काय? आपल्याही किनाऱ्यावर सुटीच्या दिवशीं मौजेस येणारे येतात, आणि पोटासाठीं दूरच्या प्रांतांतून आलेलेही राहतात. पहिल्यांस आपण खोली भाड्यानें देतों. दुसऱ्यांचें नांव तरी विचारितों काय? पाहुण्यास जागा विकणें हा धंदा आहे, आणि तो प्रामाणिकपणें करण्यांत पाप नाहीं. पाहुण्यास शेकोटीजवळ बसविणें ही मात्र निराळी गोष्ट, आणि तीच लूकनें लिहून ठेविली.

आपलें चर्च आपल्या पूर्वजांनीं बांधिलें. मोस्टाचें मोस्टाकरांनीं बांधिलें. पुढील महोत्सवास जे जमतील त्यांनीं आपल्याविषयीं घुमटापेक्षां शेकोटीची आठवण काढावी, एवढी इच्छा प्रकट करून आम्ही आपली रजा घेतों.