गड उतरण्याचे बळ



रायगडावरील हिरकणी बुरुजाची आख्यायिका महाराष्ट्रातील प्रत्येक शाळकरी मुलास ठाऊक आहे. दूध घालण्यासाठी गडावर आलेली गवळण, सूर्यास्ताबरोबर बंद झालेले दरवाजे, पायथ्याच्या घरी भुकेलेले तान्हे मूल आणि अंधारात उतरलेला कडा. शिक्षक ही कथा मातृप्रेमाची म्हणून सांगतात आणि ते योग्यच आहे. परंतु या कथेत व्यायामशास्त्राच्या दृष्टीनेही काही दडलेले आहे. हिरकणीचा पराक्रम गड चढण्याचा नाही, तो उतरण्याचा आहे. आणि जी स्त्री दुधाचा भार वाहून नित्य गडाची चढउतार करीत होती, तिच्याच पायांना तो कडा उतरणे शक्य होते. मायेने तिला धैर्य दिले असेल, पण मांड्या आणि घोटे रोजच्या श्रमानेच घडलेले होते.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यांपैकी तमिळनाडूतील जिंजी वगळता उरलेले अकरा किल्ले महाराष्ट्रात असून साल्हेर, राजगड, रायगड यांसारखे बळकट गिरिदुर्ग त्यांत आहेत. गडकोटांकडे वळणाऱ्या पावलांची संख्या त्याआधीही वाढतच होती. १६४६ मीटर उंचीच्या कळसूबाई शिखरावर सुट्टीच्या दिवशी रांग लागते, तर हरिहरच्या कातळात कोरलेल्या पायऱ्यांवर चढणारे आणि उतरणारे एकमेकांची वाट अडवितात. ही गर्दी स्वागतार्ह आहे. जी पिढी आपले डोंगर पायांनी ओळखते, तिला भूगोल वेगळा शिकवावा लागत नाही. अडचण एवढीच आहे की यांतील बहुसंख्य लोक सोमवार ते शुक्रवार खुर्चीवर बसून काढतात आणि शनिवारी पहाटे शरीराकडून एकाएकी मावळ्याच्या कामाची अपेक्षा करतात.

चढताना अशा माणसाला धाप लागते. तो थांबतो, पाणी पितो आणि पुन्हा चालू लागतो. धाप ही प्रामाणिक सूचना आहे. ती माणसाला वेळीच थांबविते. उतरण मात्र फसवी असते. उतरताना दम लागत नाही, म्हणून सारे सोपे वाटते. प्रत्यक्षात प्रत्येक पावलाला मांडीच्या पुढच्या भागातील स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार तोलून धरीत असतात, जणू घसरत्या गाडीला ब्रेक लावावा तसे. या प्रकारच्या कामात स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते व त्यांची शक्ती तेथल्या तेथे घटते. दुखणे जाणवते ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, जिना उतरताना. पण शक्तीची घट गडावरच झालेली असते. पाय थरथरू लागतात, गुडघा हवा तेव्हा सावरत नाही आणि भुरभुरीत मुरमावर पाऊल निसटते. चुकलेली वाट, निसरडे शेवाळ, मधमाश्या ही अपघाताची कारणे सर्वपरिचित आहेत. थकलेली मांडी हे कारण त्यांच्याइतके चर्चिले जात नाही, कारण ते डोळ्यांना दिसत नाही.

यावर निसर्गाने दिलेला उपायही तेवढाच साधा आहे. उतरण्याचा सराव एकदा घडला की पुढील काही आठवडे तेच श्रम स्नायूंना कमी इजा करतात. म्हणजे मोठ्या गडापूर्वी दोन-तीन आठवडे एखादी लहान टेकडी सावकाश उतरलेली असणे हीच एक पूर्वतयारी होय. टेकडी नसेल तर कार्यालयाचा जिना आहे. पायरीच्या कडेवर एक पाय ठेवून दुसरा पाय तीन अंक मोजेपर्यंत खाली आणावा. प्रत्येक पायाने आठ-दहा वेळा, आठवड्यातून दोन दिवस, एवढ्याने आरंभ करावा. गुडघा पंजाच्या दिशेने राहावा, आत वळू नये.

शक्तीचा व्यायाम म्हटले की आज डोळ्यांपुढे आरसे लावलेली वातानुकूलित व्यायामशाळा आणि तिची मासिक फी उभी राहते. महाराष्ट्राला ही कल्पना बाहेरून आणण्याची गरज नव्हती. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाच्या विद्येला नवे रूप दिले. औंध संस्थानात बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कार शाळाशाळांतून नेले. अमरावतीस १९१४ मध्ये स्थापन झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी व्यायामप्रकार जगाला दाखविले. जोर, बैठका, मुद्गल आणि मल्लखांब यांत ढकलणे, बसून उठणे, भार फिरविणे व स्वतःस वर ओढून घेणे ही सारी अंगे येतात. गावोगावच्या तालमींच्या मातीत हे शिक्षण विनामूल्य मिळत असे. त्यांतील कित्येक तालमींच्या दाराला आज कुलूप आहे, आणि शेजारीच सार्वजनिक निधीतून उभारलेली लोखंडी व्यायामसाधने गंज खात उभी असलेली दिसतात. साधन आले, पण शिकविणारा आला नाही, हे त्यामागील कारण पुष्कळ ठिकाणी आढळते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि त्याशिवाय किमान दोन दिवस प्रमुख स्नायुगटांच्या बळवर्धनाचा व्यायाम करावा. या शिफारशीचा पहिला भाग लोकांना पटतो. सकाळी फिरावयास जाणारे आता तालुक्याच्या गावीही दिसतात. दुसरा भाग दुर्लक्षित राहतो. तिशीनंतर स्नायूंचे प्रमाण हळूहळू घटू लागते व केवळ चालण्याने ती घट पुरेशी थांबत नाही. पन्नाशीच्या मुख्याध्यापकांनी सहलीबरोबर गड चढावयाचा असेल, तर रोजच्या फेरफटक्याला बैठकांची जोड हवी.

आरंभ खुर्चीपासून करावा. हात न टेकता खुर्चीतून उठणे व सावकाश बसणे ही बैठकच आहे. ती सहज जमू लागली की खुर्ची दूर करावी. जोर जमिनीवर जमत नसतील तर भिंतीला हात टेकून काढावेत, नंतर ओट्याला, मग जमिनीवर. दोन्ही हातांत पाण्याने भरलेल्या बादल्या घेऊन अंगण ओलांडणे हा पाठ, खांदे व पकड यांचा उत्तम व्यायाम असून शेतकरी स्त्रीला तो कोणी शिकवावा लागत नाही. दात घासताना एका पायावर उभे राहिल्याने तोल सुधारतो. भार किंवा आवर्तने एकदम न वाढविता आठवड्यागणिक थोडीथोडी वाढवावीत, आणि बळवर्धनाच्या दोन दिवसांत एक दिवसाची विश्रांती ठेवावी. सुमारे तीन महिन्यांनी पाठीवर पाच किलोंची पिशवी घेऊन तासभर चढउतार करता आली, तर राजगडाचा विचार करण्यास हरकत नाही. स्नायूंचा ठणका दोन-तीन दिवसांत जातो, त्याला घाबरू नये. सांध्यातील टोचणारी वेदना व सूज मात्र वेगळी. छातीत दुखणे किंवा भोवळ येणे ही तर तत्काळ थांबून वैद्यकीय मदत घेण्याची चिन्हे होत. रक्तदाब, मधुमेह वा हृदयविकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी.

आहाराविषयी तरुणांचा गोंधळ अधिक आहे. डबाबंद प्रथिन-भुकटीचा प्रसार आता खेड्यांपर्यंत पोहोचला आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ मधील आहारविषयक मार्गदर्शिकेने स्नायू वाढविण्यासाठी अशी पूरके घेणे टाळावे असा स्पष्ट सल्ला दिला आहे. ज्वारी-बाजरीची भाकरी, मटकी किंवा हरभऱ्याची उसळ, पालेभाजी, दूध, ताक, चालत असल्यास अंडी आणि मासे, यांतून कमावता येणारे बळ स्वस्त आणि टिकाऊ असते. गडावर नेण्यासाठी गूळ-शेंगदाण्याला तोड नाही. उन्हाळ्यात नुसत्या पाण्याबरोबरच लिंबू, साखर व मीठ घातलेले पाणी जवळ असावे. चैत्र-वैशाखात दुपारपूर्वी सावलीला यावे. आदल्या रात्रीची झोप मोडून, रात्रभर प्रवास करून पहाटे कडा चढू लागणे ही अलीकडची प्रथा धाडसी म्हणून मिरविली जाते. ती मूर्खपणाची आहे. तंबाखू व मद्य यांविषयी वेगळे सांगावयास नको, तरीही गडांच्या टाक्यांत सापडणाऱ्या बाटल्या पाहता ते सांगावेच लागते.

शिक्षकवर्गाने मात्र एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. सहलीत मागे राहणाऱ्या मुलीला आळशी किंवा नाजूक ठरविले जाते. २०१९-२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. रक्तातील हिमोग्लोबिन कमी असेल तर प्राणवायूचा पुरवठा अपुरा पडतो, आणि ते चढावर सर्वांत आधी उघड होते. अशा मुलीला चिडवून किंवा तिची पिशवी दुसऱ्याच्या खांद्यावर देऊन प्रश्न सुटत नाही. तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन रक्त तपासून घेणे, आठवड्यातून एकदा दिली जाणारी लोहाची निळी गोळी ती खरोखर घेते की दप्तरात टाकते हे पाहणे, गोळीबरोबर चहा न घेण्याचे तिला व तिच्या आईला समजावणे ही सहलीची खरी तयारी आहे. शिवाय मुलांच्या हुतूतूच्या वेळी मुलींना सडासारवणाला लावणारी शाळा अद्याप कोठे असेल, तर तेथील मुलींच्या पायांत बळ यावे कोठून, हाही प्रश्न विचारला पाहिजे.

सह्याद्रीत जे पुरते ते हिमालयात पुरत नाही. मराठी गिर्यारोहकांची तेथील कामगिरी मोठी आहे. १९९८ मध्ये सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोहोचले आणि २०१२ मध्ये पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेच्या मोहिमेने एव्हरेस्टचे शिखर गाठले. त्यामुळे आता सामान्य पर्यटकही लेहला किंवा एव्हरेस्टच्या पायथा-तळाकडे जाऊ लागला आहे. लेह सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर असून विमानाने तेथे एकदम पोहोचता येते. विरळ हवेचा विकार बलदंड माणसालाही सोडत नाही. उलट, कमावलेल्या शरीराचा तरुण भरभर चढतो आणि म्हणूनच अडचणीत येतो. तीन हजार मीटरपलीकडे मुक्कामाची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा अधिक वाढवू नये, तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे, आणि डोकेदुखीबरोबर मळमळ, झोकांडी किंवा बसल्या जागी धाप लागली तर विनाविलंब खाली उतरावे. येथे बैठका कामी येत नाहीत, संयम कामी येतो.

राज्य शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. व्यावसायिक आयोजकांना त्यामुळे काही शिस्त लागेल. तथापि स्वतःहून आलेला चार-पाच जणांचा गट आयोजकाबरोबर नसतो, आणि त्यांतील एखाद्याचे पाय संध्याकाळी कड्यावर गळाले की सर्वांत आधी धावून जातात ते पायथ्याच्या गावातील तरुण. झोळी करून, आळीपाळीने खांदा देत, अंधारात माणूस खाली आणणे हे किती श्रमाचे व जोखमीचे काम आहे याची कल्पना जखमी व्यक्तीला बहुधा येतच नाही. ज्यांनी आपली भातलावणी सोडून हे काम करावे, त्यांच्यासाठी गावात मजबूत स्ट्रेचर, दोर, विजेऱ्या आणि प्रथमोपचाराचे शिक्षण असणे ही काही फार मोठी मागणी नव्हे. राज्यातील गिर्यारोहण संस्थांच्या शोध व बचाव पथकांशी पायथ्याच्या ग्रामपंचायतींनी आधीच ओळख करून ठेवली, तर ऐनवेळी कोणास बोलवावे हा घोळ राहणार नाही.

पंचायत सदस्यांना याहूनही कमी खर्चात एक काम करता येईल. गडाच्या वाटेवरील शेवटच्या घरी एक नोंदवही ठेवावी. वर जाणाऱ्याने नाव, गटातील माणसांची संख्या, घरच्यांचा दूरध्वनी क्रमांक आणि वर निघाल्याची वेळ लिहावी, व उतरल्यावर त्यापुढे खूण करावी. किती वाजता परत फिरावे हे तेथेच ठळक अक्षरांत लिहिलेले असावे, आणि ही वेळ ठरविताना उतरण्यास चढण्याइतकाच अवधी धरावा. दिवेलागणीला ज्या नावापुढे खूण नसेल, त्याच्या शोधाला उजेड पूर्ण मावळण्यापूर्वी निघता येईल.