सत्कारानंतरचे घर

(गोवंडी येथे कार्यकर्त्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



युद्ध म्हटले की सीमा, शस्त्रे आणि पराक्रम डोळ्यांपुढे उभे राहतात. ज्या घरात युद्धाची वार्ता पोहोचते, त्या घरातील सात वर्षांचे मूल मात्र क्वचितच आठवते. आजचा विषय ते मूल आणि त्याचे कुटुंब हा आहे.

गोवंडीत या विषयाला वारसा आहे. येथून जवळच, देवनारला, टाटा समाजविज्ञान संस्था उभी आहे. १९३६ साली नागपाड्यात तिची सुरुवात झाली. १९५४ मध्ये ती देवनारला आली. फाळणीनंतर कुरुक्षेत्राच्या छावणीत सुमारे ३ लाख निर्वासित एकवटले, तेव्हा या संस्थेतील मंडळी तेथे सेवेला गेली होती. अन्न, वस्त्र आणि निवारा दिल्यानंतरही उद्ध्वस्त कुटुंब पुन्हा उभे करण्याचे काम शिल्लकच राहते.

ते कसे करावे, याचे एक उदाहरण महाराष्ट्रातच आहे. दुसऱ्या महायुद्धात रशियात हद्दपार झालेले आणि तेथून सुटलेले सुमारे ५,००० पोलिश निर्वासित १९४३ पासून कोल्हापूरजवळ वळिवडे येथे राहिले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती. त्यांना केवळ बराकी देऊन काम संपले नाही. पोलिश भाषेतील शाळा, प्रार्थनामंदिर, रुग्णालय, बालवीर पथके, नाटके असे सारे तेथे होते. सकाळी शाळेची घंटा ठरल्या वेळी वाजणे, सण ठरल्या दिवशी येणे, आपल्याच भाषेत कोणी हाक मारणे, यांतून मुलांना मोडलेले जग पुन्हा सांधता आले. १९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली. तिची स्मृती सांगणारा स्तंभ कोल्हापूरच्या महावीर उद्यानात आहे.

त्याच काळात लंडनमध्ये ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम युद्धग्रस्त मुलांसाठी शिशुगृहे चालवीत होत्या. बॉम्बहल्ल्यापेक्षाही आईपासूनची ताटातूट मुलाला अधिक खचवते, असे त्यांना दिसून आले. म्हणून मुलाला सावरायचे तर प्रथम त्याच्या आईला सावरावे लागते.

आता आपल्या घरांकडे वळू. १९९९ च्या कारगिल युद्धात ५२७ जवानांनी बलिदान केले. हुतात्म्याच्या घरी समाज धावून जातो, हे भूषणावह आहे. परंतु तेरावा उरकतो, सत्कार होतो, शाल घडी करून कपाटात जाते आणि घरात शांतता पसरते. त्या शांततेत मूल रात्री दचकून उठते, अंथरूण ओले करते, आईला क्षणभर सोडत नाही, अभ्यासात मागे पडते. त्याला 'तू वीरपुत्र आहेस, रडायचे नाही' असे बजावले जाते. शोकाची वाट अडवली, तर तो नाहीसा होत नाही. आत दबून राहतो. रडणाऱ्या मुलामुळे वीराचा मान यत्किंचितही उणावत नाही.

कार्यकर्त्याने काय करावे? मुलाला व्यासपीठावर उभे करून वडिलांचे अखेरचे क्षण सांगायला लावू नये. ते आपणहून बोलेल तेव्हा ऐकावे. त्याने विचारलेल्या प्रश्नाला वयाला पेलेल असे खरे उत्तर द्यावे. 'बाबा परगावी गेले आहेत' असे सांगू नये. शाळा, खेळ, जेवण आणि झोप यांच्या वेळा लवकरात लवकर पूर्ववत व्हाव्यात, यासाठी घराला हातभार लावावा. निवृत्तिवेतनाच्या कागदपत्रांसाठी आईसोबत कचेरीत जावे. तिचा भार हलका झाला की मुलाचाही होतो. बहुतेक मुले अशा आधाराने सावरतात. काही आठवडे उलटूनही झोप, भूक किंवा बोलणे पूर्ववत होत नसेल, तर तज्ज्ञाकडे न्यावे. २०२२ पासून केंद्र शासनाची 'टेलि-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मार्गदर्शन करते. मनाच्या उपचारात कमीपणा नाही.

एकाच माणसाने, ठरल्या वारी, वर्षानुवर्षे त्या घरी जात राहावे. पहिल्या दिवशी शंभर माणसे येतात. दुसऱ्या वर्षी जो येतो, त्याचीच त्या मुलाला खरी गरज असते.