पेशीतील स्निग्ध द्रव्ये आणि कर्करोग

(लासुर्णे येथे दिलेले व्याख्यान)



कर्करोगावर बोलायचे म्हटले की तंबाखू आणि मिश्रीवर बोलावे, अशीच अपेक्षा असते. ते बोलणे गरजेचेच आहे. पण विज्ञान शाखेची बरीच मुले समोर बसलेली दिसतात, म्हणून आज थोडे पेशीच्या आत जाऊ. रोग्याने उपचार मध्येच का सोडू नयेत, ह्याचे एक उत्तर तिथे सापडते.

आपल्या प्रत्येक पेशीभोवती एक पातळ पडदा असतो. तो बराचसा स्निग्ध द्रव्यांचा बनलेला असतो. त्यांतील एका गटाला स्फिंगोलिपिड म्हणतात. ह्या नावामागे गंमत आहे. डॉ. थुडिकम हे जर्मनीत जन्मलेले, लंडनमध्ये वैद्यकी करणारे गृहस्थ मेंदूतील रसायने वेगळी करीत होते. एका द्रव्याचा उलगडा होईना, म्हणून १८८४ साली त्यांनी त्याला कोडी घालणाऱ्या स्फिंक्सवरून नाव दिले. पुढे कित्येक वर्षे हे पदार्थ म्हणजे पडद्याच्या नुसत्या विटा, असेच बहुतेकांना वाटे.

१९९३ साली अमेरिकेतील युसुफ हन्नून व लीना ओबेद ह्या संशोधक दांपत्याने आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, ह्याच गटातील सेरामाइड हा पदार्थ पेशीला मरणाचा निरोप देतो. मरण म्हटले की आपण दचकतो. पण आपल्या शरीरात रोज कोट्यवधी पेशी अशा शिस्तीने मरतात, म्हणून तर आपण धडधाकट राहतो. जुनी, बिघडलेली पेशी आपली जागा सोडते. कर्करोगाची पेशी जागा सोडत नाही, सारा घोटाळा इथे आहे.

आता कालव्याचे उदाहरण घेऊ, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. पाणी एकच, पण ते कोणत्या चारीला सोडायचे हे पाटकरी ठरवतो. पडद्यातील स्फिंगोमायलिन तुटले की सेरामाइड तयार होते. ते साठले तर पेशी मरते. परंतु त्याच सेरामाइडपासून दोन पायऱ्या पुढे स्फिंगोसिन-१-फॉस्फेट बनते, आणि त्याचा निरोप अगदी उलटा असतो: जग, वाढ, नव्या रक्तवाहिन्या बोलावून घे. अनेक कर्करोगांत पाणी ह्या दुसऱ्या चारीला वळवलेले आढळते. आणखी एक युक्ती आहे. पेशी सेरामाइडला ग्लुकोजचा एक रेणू जोडून त्याची धार बोथट करते. (ऊस-साखरेचा हा मुलूख आहे म्हणून सांगतो, चहातल्या साखरेशी ह्याचा संबंध लावू नका. हे काम पेशीच्या आतले आहे.)

टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली परळला सुरू झाले. आपल्याला त्याहून जवळचे म्हणजे बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय. अशा ठिकाणी किरणोपचार देतात, सलाईनमधून औषधे देतात. किरणांमुळे पेशीच्या पडद्यातून सेरामाइड सुटते, असे १९९४ च्या प्रयोगांत दिसले. डॉनोरुबिसिनसारख्या औषधानेही ते वाढते. म्हणजे ह्या उपचारांच्या कामाचा काही भाग तरी ह्या मार्गाने होतो. ज्या पेशी सेरामाइड झटपट निकामी करतात, त्या औषधाला दाद देत नाहीत.

आपल्याकडे काय होते? दोन-तीन सलाईन झाली, गाठ कमी झाली, केस गेले, उलट्यांनी जीव नकोसा झाला. त्यात मजुरी बुडते. मग माणूस म्हणतो, बरे वाटतेय, आता बास. पण गाठ बारीक होते तेव्हा आधी मेलेल्या असतात त्या हलक्या पेशी. मागे उरलेल्यांत चिवट पेशींचे प्रमाण जास्त असते, आणि त्याच पुन्हा वाढतात. रोग्याला रागावून उपयोग नाही. त्याच्याबरोबर बसने कोण जाणार आणि घरचे दूध कोण काढणार, हे भावकीने ठरवले तर तो पुढच्या तारखेला जातो.

दुसरी गोष्ट सदाफुलीची. तिच्यापासून व्हिनक्रिस्टिन हे औषध मिळते, हे खरे आहे. पण शेकडो किलो वाळलेल्या पाल्यातून ते जेमतेम ग्रॅमभर निघते, आणि मात्रा चुकली तर नसांना इजा होते. घरी पाला उकळून पिणे हा उपचार नव्हे. हेच औषध स्फिंगोमायलिन व कोलेस्टेरॉलच्या सूक्ष्म पिशवीत भरून देण्यास अमेरिकेत २०१२ साली परवानगी मिळाली होती. पुढे त्याचा फायदा सिद्ध न झाल्याने २०२२ मध्ये ती काढून घेण्यात आली. शास्त्रात असे होते, आणि ते उघड सांगितले जाते, हे मला महत्त्वाचे वाटते. भोंदू वैद्याने दिलेली परवानगी कोणी काढून घेत नाही!

यशही आहे. लहान मुलांना होणाऱ्या न्यूरोब्लास्टोमा ह्या कर्करोगात पेशींच्या बाहेरच्या अंगाला जीडी-२ नावाचे, साखरेची साखळी असलेले स्फिंगोलिपिड भरपूर असते. ते ओळखून चिकटणाऱ्या प्रतिपिंडाला, डिनुटुक्सिमॅबला, २०१५ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. ते अतिशय महाग आहे. सेरामाइड थेट टोचण्याचे प्रयत्न अजून चाचण्यांच्या पायरीवर आहेत.

मग काय खावे, असे कोणी विचारेलच. दुधात, अंड्यात, सोयाबीनमध्ये स्फिंगोलिपिडे असतात. उंदरांच्या आतड्यांवर त्यांचे प्रयोगही झाले. माणसाचा कर्करोग त्याने बरा होतो असे सिद्ध झालेले नाही. दूध जरूर प्यावे, पण औषध म्हणून नव्हे.

खर्चाचे म्हणाल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील अनेक उपचार बसतात. रेशनकार्ड, आधारकार्ड आणि तपासणीचे सर्व कागद एका फाईलमध्ये ठेवा, आणि योजनेतील रुग्णालयात गेल्यावर आरोग्यमित्राची खिडकी आधी गाठा.