वाय नंबरप्लेटची गाडी

बाई म्हणाल्या, परदेशातला एखादा अनुभव सांग. गाडीचा सांगते.

नवरा अमेरिकेच्या मरीन दलात. बदली झाली जपानच्या ओकिनावा बेटावर. तळावर एक व्याख्यान, एक लेखी परीक्षा, की लायसन्स हातात. आपल्या आरटीओत तेवढ्यात रांगसुद्धा सरकत नाही! जुनी सुझुकी घेतली. वाहतूक डावीकडून, इंडिकेटर उजव्या हाताला. नवरा दर वळणावर वायपर सुरू करायचा. माझा हात बाबांच्या मारुती 800 वर बसलेला, मला काहीच जड गेलं नाही.

जड गेली ती नंबरप्लेट. तिच्यावर जपानी अक्षराच्या जागी इंग्रजी वाय. म्हणजे अमेरिकन सैन्याची गाडी. लोक आधी ते वाय बघतात, मग माझा चेहरा. तळांबद्दल तिथे राग आहे, आणि तो उगाच नाही.

नवरा सरावाला फिलिपिन्सला गेलेला. मुलीला घेऊन येत होते, पाऊस लागला. तिथल्या रस्त्यांत प्रवाळाची चुनखडी असते, ओले झाले की साबण. ब्रेक दाबला तरी गाडी घसरत पुढच्या गाडीला लागली. एक आजोबा उतरले. मी वाकून वाकून माफी मागितली. पोलीस येईपर्यंत ते मुलीशी बोलत होते, तिला मोडकंतोडकं जपानी येतं. अमेरिकनांच्या राज्यात तिथे वाहतूक उजवीकडून होती. 30 जुलै 1978 ला एका रात्रीत डावीकडे आणली. "तेव्हा मीही गाडी ठोकली होती," आजोबा म्हणाले. मग प्लेटकडे बघून, "तुम्ही परत कधी जाणार?"

आम्ही दोघी, की सगळेच? मुलीला ते उलट विचारायला सांगण्याचा धीर मला झाला नाही.