पहिल्या दारातला तास

परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर, सेलू, पाथरी, सोनपेठ, पालम, पूर्णा, गंगाखेड अशा गावोगावचे दवाखाने एक दिवस बंद ठेवून इथं आलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

संघटनेच्या मागण्यांवर दुपारी बोलणं होईलच. मला बोलायचं आहे ते एका जागी सुरू होऊन सगळ्या अंगात पसरणाऱ्या जंतुसंसर्गाबद्दल. घरची माणसं म्हणतात, ‘रक्तात विष भिनलं.’ आपण सेप्सिस म्हणतो. 2020 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अंदाजानुसार 2017 या एका वर्षात जगात सुमारे 4 कोटी 89 लाख लोकांना सेप्सिस झाला आणि 1 कोटी 10 लाख दगावले. म्हणजे दर पाच मृत्यूंमागे जवळपास एक. आणि आपण दाखल्यावर ‘हृदयक्रिया बंद पडली’ एवढंच लिहून मोकळे होतो.

असाच एका जागी सुरू होऊन पसरणारा संसर्ग आपण डोळ्यांसमोर पाहिला आहे. 2021 चा मे महिना आठवा. करोनातून उठलेली माणसं दाढ दुखते, गाल सुजला, एकाचे दोन दिसतात म्हणत परत येऊ लागली. वरचे दात हलत होते, टाळूला काळा डाग होता. 20 मे रोजी केंद्र सरकारने म्युकरमायकोसिसची, म्हणजे काळ्या बुरशीच्या आजाराची, नोंद बंधनकारक करण्याची सूचना राज्यांना दिली, आणि त्यावरच्या अँफोटेरिसिन इंजेक्शनच्या कुप्यांसाठी नातेवाइकांची वणवण सुरू झाली. वर्ध्याच्या कारखान्यात ते इंजेक्शन बनू लागल्याची बातमी तेव्हा आपण किती आशेनं वाचली!

ही बुरशी बाहेरून आलेली नव्हती. ती आपल्या मातीत, शेणखतात, शिळ्या भाकरीवर कायमच असते. धडधाकट माणूस तिचे कण रोज श्वासातून घेतो आणि त्याला काही होत नाही. पण शुगर बेसुमार वाढून रक्त आम्लधर्मी झालं, की एरवी बांधलेलं लोह मोकळं होतं आणि त्यावर ती पोसते. मग ती रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरते, आत गुठळी होते, पुढचा भाग रक्ताविना मरून काळा पडतो. मेलेल्या भागात औषध पोचणार कसं? म्हणून तो कापूनच काढावा लागतो. डोळा, टाळू, जबडा गमावून जगलेली माणसं आजही आपल्या ओपीडीत येतात.

याला आपणही खतपाणी घातलं, हे या व्यासपीठावरून स्पष्ट बोललं पाहिजे. डेक्सामेथासोन चांगलं औषध आहे. ब्रिटनमधल्या 2020 च्या ‘रिकव्हरी’ चाचणीत रोज 6 मिलिग्रॅम, जास्तीत जास्त 10 दिवस, असा डोस होता आणि फायदा दिसला तो ऑक्सिजन लागणाऱ्यांना. गावात मात्र ऑक्सिजन उत्तम असलेल्यांनाही ते पहिल्या-दुसऱ्या दिवशी सुरू झालं, तेही शुगर न बघता. आणि करोना सरला तरी ती सवय सरलेली नाही. ‘डॉक्टर, एक सुई मारा, उद्या कापूस वेचायला जायचंय,’ असं म्हणणाऱ्याला आजही प्रतिजैविक आणि डेक्सा एकत्र टोचलं जातं. ताप उतरतो, आतला आजार झाकला जातो.

आता पुन्हा सेप्सिसकडे येऊ. पायात पऱ्हाटीचा खुंट शिरलेला मधुमेही शेतकरी तुम्ही सगळ्यांनीच पाहिला आहे. पायाला बधिरपणा, म्हणून जखम कळलीच नाही; चौथ्या दिवशी पोटरीपर्यंत सूज. बाजेवर पडल्या पडल्या तो असंबद्ध बोलतो आणि घरच्यांना वाटतं, तापानं गळाठलाय. अशा वेळी घड्याळ काढून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. मिनिटाला 22 किंवा जास्त, वरचा रक्तदाब 100 किंवा कमी, आणि बोलण्यात भ्रम, यांतल्या दोन गोष्टी दिसल्या तर सेप्सिसची शंका घ्या. एकच दिसली म्हणून निर्धास्त राहू नका. नख दाबून सोडा आणि रंग परतायला किती वेळ लागतो ते बघा. रक्तदाब कोसळला असेल तर प्रतिजैविक तासाभरात गेलं पाहिजे, आणि 108 ची रुग्णवाहिका येईपर्यंत सलाईन चालू हवं. तो तास रुग्णाला नांदेडला नेताना रस्त्यावरच निघून जातो, म्हणून तो तुमच्या दवाखान्यातच वापरायचा आहे.

‘हे खेड्यात कसं जमणार?’ असं विचारणाऱ्यांनी गडचिरोलीकडे बघावं. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने 39 गावांतल्या बायकांना नवजात बाळाचा सेप्सिस ओळखायला शिकवलं. बाळाचं रडणं क्षीण झालं का, अंगावर ओढणं कमी झालं का, हातपाय सैल पडले का, अंग गार लागतं का, बेंबीत पू आहे का, अशी लक्षणं त्या बघत. मग जेंटामायसिनचं इंजेक्शन त्या स्वतः देत. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी कमी झाले. 1999 साली ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. ज्या कामाला त्या बायका पुरल्या, त्याला आपण पदवीधर का पुरू नये?

आता परभणीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागाकडे या सभेनं तीन गोष्टी मागाव्यात. तालुक्याच्या दवाखान्यातून आलेली ब्लड कल्चरची बाटली आणि बुरशीचा नमुना दिवसरात्र स्वीकारला जावा. केओएचच्या थेंबात त्या काळ्या बुरशीचे रुंद, जवळपास पडदे नसलेले धागे दिसले की त्याच रात्री फोन यावा. आणि जिल्ह्यात कोणते जंतू कोणत्या औषधाला दाद देतात याचा तक्ता दर सहा महिन्यांनी आपल्या हाती पडावा. आपल्या बाजूनं आपण रेफर चिठ्ठीवर श्वास, रक्तदाब, शुगर, पहिल्या प्रतिजैविकाचं नाव आणि ते दिल्याची वेळ लिहू. स्टेरॉइड दिलं असेल तर तेही लिहू. ठरावाचा मसुदा चिटणिसांकडे दिला आहे. जेवणानंतरच्या सत्रात तो चर्चेला घ्यावा, अशी माझी विनंती आहे.