संध्याकाळची गाडी

(आदिवासी वाड्यांवरील कामासाठी पुण्यात भरलेल्या उपकारस्तुतीच्या सभेतील भाषण)



तुमच्यापैकी बरेच जण आज बसनेच आला असाल. एखादी गाडी चुकली तर आपण कुरकुर करतो, पण थोड्या वेळाने दुसरी येते. डोंगरातल्या वाडीला दुसरी गाडी नसते. आज त्याविषयीच बोलायचं आहे.

आधी माझी चूक सांगतो. दोन वर्षांपूर्वी आपल्या कामातल्या एका कातकरी वाडीवरच्या तीन मुलींनी नववीत शाळा सोडली. अहवालात मी कारण लिहिलं, ‘पालकांची उदासीनता’. तुम्ही तो वाचलात, त्यांच्यासाठी प्रार्थनाही केलीत. पुढे पावसाळ्यात मी त्या वाडीवर मुक्कामाला राहिलो. एका मुलीची आई म्हणाली, “दादा, सांजची गाडी बंद झाली. फाट्यापासून तासभर रान. काळोखात पोरीला आणायला कोण जाणार? आम्ही मजुरीला.” मी खाली मान घातली.

असं का होतं, तेही समजून घेऊ. ऑक्टोबर २०२१च्या अखेरीपासून एसटीचा संप झाला, तो एप्रिल २०२२पर्यंत चालला. त्या काळात पीएमपीच्या गाड्या शहराबाहेर लांबवर गेल्या. संप मिटल्यावर, नोव्हेंबर २०२२मध्ये, पीएमपीने ग्रामीण मार्ग टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरवलं. पहिल्या टप्प्यात ११ मार्ग होते, त्यात कात्रज ते विंझरही होता. मार्ग तोट्यात होते आणि ग्रामीण वाहतूक एसटीची, असं कारण होतं. हिशेब म्हणून ते चुकीचं नाही. सकाळी भरून आलेली गाडी परत जाताना रिकामी धावते. इंधन मात्र दोन्ही वेळा लागतंच.

पण दुसरा तोटा कुठल्याच वहीत लिहिला जात नाही. दाखल्यासाठी तहसील कचेरीत गेलेल्या माणसाची बुडालेली मजुरी, दवाखान्यात न नेलेलं तापाचं मूल, सुटलेली शाळा. सवलती चांगल्या आहेत. ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास आहे, मार्च २०२३पासून स्त्रियांना अर्धं तिकीट आहे. पण सवलत गाडीत चढल्यावर मिळते. वडापवाला अर्धं तिकीट घेत नाही, आणि जीप भरल्याशिवाय तो निघतही नाही.

बेथेस्दाच्या तळ्याकाठचा तो आजारी माणूस आठवा. अडतीस वर्षांचं दुखणं, तळं समोर, पण पाण्यात सोडायला कुणी नाही. आपल्या वाड्यांचं तसंच आहे. शाळा आहे, दवाखाना आहे. तिथवर नेणारं कुणी नाही.

काहींनी सुचवलं, मंडळीने जीप घ्यावी. भावना चांगली आहे. पण जीपमध्ये दहा जण बसतील आणि देणगी आटली की तीही थांबेल. गाडी हा त्या लोकांचा हक्क आहे. तो मागायला आपण सोबत जावं. म्हणून ग्रामसभेचा ठराव, मुख्याध्यापकांचं पत्र आणि विद्यार्थ्यांची संख्या जोडून आम्ही आगारात अर्ज दिला आहे. उत्तराची वाट पाहतो आहोत.

तोवर वाडीतल्या दोन बायका रोज संध्याकाळी फाट्यावर जाऊन मुलींना घेऊन येतात. त्यांची बुडालेली मजुरी तुमच्या दानातून भरून देतो. दोन मुली शाळेत परतल्या. तिसरीचं तोपर्यंत लग्न झालं होतं. तिच्यासाठी आपण उशीर केला, हे मला तुमच्यापासून लपवायचं नाही.

तुमच्यात कुणी एसटीत नोकरी केलेले असतील, तर सभेनंतर मला भेटा. फेऱ्या कशा ठरतात, अर्ज कुणाकडे आणि कसा लावून धरायचा, हे तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. बाकीच्यांनी एवढंच करावं: पुढच्या अहवालात मी ‘उदासीनता’ असं लिहिलं, तर मला विचारा, “तिथे गाडी किती वाजता येते?”

प्रभू तुम्हा सर्वांना आशीर्वादित करो.